बोर्ड बदलल्यावर विंडोज ११ ॲक्टिव्हेट होईना, नवीन की विकत घ्यावी का?

सांगलीचा_डीटीपीवाला:

नमस्कार मंडळी. माझं सांगलीत छोटं डीटीपीचं दुकान आहे, लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्ड, फ्लेक्सची डिझाइनं वगैरे. मागच्या आठवड्यात वळवाच्या पावसात लाइटचा जो खेळ झाला त्यात दुकानातल्या मेन पीसीचा मदरबोर्ड उडाला. जुना पीसी २०१७ चा, एच११० चा बोर्ड, सातव्या जनरेशनचा आय५, ८ जीबी रॅम, विंडोज १० प्रो. आता त्या सॉकेटचा नवा बोर्ड मिळत नाही आणि जुना बाजारात मिळतो त्याची गॅरंटी नाही, म्हणून म्हटलं होऊ दे खर्च, एच६१० बोर्ड आणि बाराव्या जनरेशनचा आय३ घेतला, १६ जीबी रॅम आणि एनव्हीएमई एसएसडी. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाच होता त्यामुळे आमच्या इथल्या टेक्निशियनने पेनड्राइव्ह लावून सरळ विंडोज ११ मारून दिलं.

मशीन झकास चालतंय, त्याबद्दल तक्रार नाही. पण स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात ते ॲक्टिव्हेट विंडोज असं भुरकट अक्षरात कायम दिसतंय, वॉलपेपर बदलता येत नाही, आणि सेटिंगमध्ये ॲक्टिव्हेशनला गेलं की ०एक्ससी००४एफ२१३ असा एरर येतो. टेक्निशियन म्हणतो बोर्ड बदलला म्हणजे जुनं लायसन्स मेलं, दीड हजार द्या मी नवीन की, म्हणजे लायसन्सचा कोड, टाकून देतो.

मुद्दा असा की माझं विंडोज १० ओरिजिनल होतं हो. २०१८ मध्ये सीलबंद बॉक्स घेतला होता, जीएसटीचं बिल फाइलला आहे. बॉक्सपण आहे पण आतलं ते छोटं कार्ड ज्यावर की असते ते काही सापडत नाही, दुकान रंगवलं तेव्हा कुठं गेलं देव जाणे. तर एकदा पैसे भरून घेतलेली वस्तू बोर्डाबरोबर मरते का? आणि नवीन की घ्यायचीच असेल तर दीड हजाराची घेऊ का? कुणी अनुभवी असेल तर सांगा, पत्रिकांची कामं डोक्यावर आहेत.

बायोसबाबा:

आधी शांत व्हा आणि त्या माणसाला पैसे देऊ नका. ॲक्टिव्हेट नसलं तरी विंडोज बंद पडत नाही, अपडेट येत राहतात, कोरल आणि प्रिंटर चालतात, फक्त वॉलपेपर थीम वगैरे लॉक होतं आणि तो वॉटरमार्क डोळ्यात खुपतो. म्हणजे पत्रिका छापा निवांत, हे दोन दिवसांनी झालं तरी बिघडत नाही.

आता मूळ गोष्ट. विंडोज तुमच्या मशीनच्या पार्टांवरून एक ओळख तयार करतं आणि मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर त्या ओळखीच्या नावे लायसन्सची नोंद होते. रॅम वाढवली, एसएसडी टाकली, ग्राफिक कार्ड बदललं तर सहसा काही होत नाही. बोर्ड बदलला की त्याच्या दृष्टीने तो नवीन कॉम्प्युटर. हे आजचं नाही बरं का, २००१ मध्ये एक्सपी आलं तेव्हापासून चालू आहे, त्यात तर रॅम, हार्डडिस्क, सीडी ड्राइव्ह, नेटवर्क कार्ड अशा दहा गोष्टी मोजायचे आणि जास्त बदलल्या की तीन दिवसांत परत ॲक्टिव्हेट करा म्हणून मागे लागायचं. त्या काळात लॅमिंग्टन रोडवर आम्ही फोन कानाला लावून ते लांबलचक आकडे वाचून दाखवायचो, गिऱ्हाइकाला वाटायचं बँकेत खातं उघडतोय.

लायसन्स बोर्डाबरोबर मरतं का, तर ते कुठल्या जातीचं आहे त्यावर. ब्रँडेड लॅपटॉप किंवा रेडीमेड पीसीबरोबर आलेलं ओईएम असतं, ते त्या बोर्डाला बांधलेलं, दुसऱ्या मशीनवर नेता येत नाही. ऑफिसातलं व्हॉल्यूम लायसन्स कंपनीचं, तुमचं नाही. आणि तुम्ही सांगताय तसा दुकानातून सीलबंद बॉक्स घेतला असेल तर ते रिटेल, ते एका मशीनवरून काढून दुसऱ्यावर न्यायला पूर्ण परवानगी आहे, फक्त एका वेळी एकाच मशीनवर. तुमचं जुनं मशीन तर जळालंच आहे. आणि विंडोज १० चं रिटेल लायसन्स ११ ला चालतं, त्यासाठी वेगळे पैसे नाहीत.

एरर कोडवरून पण थोडं कळतं. शेवट एफ२११ असेल तर विंडोज म्हणतंय हार्डवेअर बदललंय, जुनी डिस्क तशीच उचलून नव्या बोर्डाला लावली की बहुतेक हा येतो. तुमचा एफ२१३ आहे, म्हणजे या मशीनवर कुठली की सापडलीच नाही, फ्रेश इन्स्टॉल करताना माझ्याकडे की नाही असं क्लिक करून पुढे गेलं की हा येतो. दोन्हीचं मूळ एकच, बोर्ड.

मला एवढं सांगा. जुन्या मशीनवर विंडोजला लॉगिन कसं करत होता, मायक्रोसॉफ्टच्या ईमेल अकाउंटने की नुसता पासवर्ड? आणि स्टार्टमध्ये सीएमडी शोधून राइट क्लिक, रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर, त्यात एसएलएमजीआर मग स्पेस मग स्लॅश डीएलआय टाइप करा, सगळं इंग्रजी अक्षरांत आणि मध्ये एकच स्पेस. थोडं थांबा, एक छोटी खिडकी येईल, त्यात जे दिसेल ते इथं लिहा. की चे शेवटचे पाच अक्षरच दिसतात त्यामुळे टाकायला हरकत नाही.

फुकटराव:

एवढं कशाला डोकं लावताय राव, नेटवर ॲक्टिव्हेटर मिळतो, अँटीव्हायरस बंद करायचा, एक क्लिक, काम तमाम. मी किती वर्षं वापरतोय कुणी विचारलं नाही. नाहीतर जुन्या विंडोज ७ च्या कॅबिनेटवर स्टिकर असतं ना, त्यावरची की टाका, मी तसंच १० केलं होतं.

मेघना_सर्व्हररूम:

फुकटराव, स्टिकरवाली आयडिया आता बाद आहे. विंडोज ७ आणि ८ च्या की वर १० फुकट मिळायची ऑफर कागदोपत्री जुलै २०१६ लाच संपली होती, पण मागचं दार उघडं होतं म्हणून सगळ्यांचं चालून गेलं. सप्टेंबर २०२३ मध्ये ते दारही बंद केलं. जी मशीन आधीच त्या मार्गाने ॲक्टिव्हेट झाली ती चालू आहेत, नवीन बोर्डावर आता ती की घेत नाही.

आणि ॲक्टिव्हेटर. बहुतेक ॲक्टिव्हेटर केएमएस नावाच्या व्यवस्थेची नक्कल करतात. केएमएस हे मोठ्या ऑफिससाठी असतं, कंपनीच्या आत एक सर्व्हर ठेवतात आणि निदान २५ पीसी असतील तरच तो ॲक्टिव्हेट करायला लागतो, तेही १८० दिवसांसाठी, मग परत त्या सर्व्हरला हजेरी द्यावी लागते. ॲक्टिव्हेटर तोच खोटा सर्व्हर तुमच्याच मशीनमध्ये बसवतो आणि तो कायम मागे चालत राहतो, ॲडमिनच्या अधिकाराने, अँटीव्हायरसला यात बघू नको असं सांगून. मला सांगा, ज्या मशीनवर लोकांचे आधारचे फोटो येतात, जीएसटीचं लॉगिन आहे, नेटबँकिंग होतं, तिथं हे ठेवायचं? घरात काय करायचं ते करा, धंद्याच्या मशीनवर हा सल्ला देऊ नका प्लीज.

मूळ प्रश्नकर्त्यांना: दीड हजाराच्या की बद्दल. दुकानात खऱ्या बॉक्सची किंमत पाच आकड्यांत जाते, मग हा दीड हजारात कुठून देतो? अशा स्वस्त की बऱ्याचदा कुठल्यातरी कंपनीच्या व्हॉल्यूम लायसन्सच्या असतात, एकच की शेकडो लोकांना विकलेली. आज ॲक्टिव्हेट होते, पुढे कधीतरी मायक्रोसॉफ्ट ब्लॉक करतं आणि मग ०एक्ससी००४सी००३ येतो, तोवर विकणाऱ्याचा व्हॉट्सॲप नंबर बंद. तुमच्या टेक्निशियनकडे वेगळं काही असेलही, पण बिलावर काय लिहून देतो ते विचारा. तिथंच कळेल.

सांगलीचा_डीटीपीवाला:

धन्यवाद सगळ्यांना. बाबा, तुम्ही सांगितलेलं केलं. खिडकीत आलं ते असं, नाव विंडोज कोअर एडिशन, खाली डिस्क्रिप्शनच्या ओळीत रिटेल चॅनेल, पार्शल प्रॉडक्ट की ८एचव्हीएक्स७, आणि लायसन्स स्टेटस नोटिफिकेशन. रिटेल लिहिलंय म्हणजे माझंच बॉक्सवालं लायसन्स दिसतंय ना हे? मग ॲक्टिव्हेट का होत नाही? आणि कोअर म्हणजे काय, प्रोसेसरचे कोअर का?

लॉगिनचं म्हणाल तर २०१८ ला विंडोज टाकलं होतं माझ्या पुतण्याने, तो तेव्हा वालचंदला इंजिनिअरिंगला होता. त्याने त्याचाच हॉटमेल आयडी टाकून सेटअप केलं होतं आणि मग मला पिन बनवून दिला. चार आकडी पिन टाकायचो, आत. त्या ईमेलचा पासवर्ड मला कधी लागलाच नाही. पुतण्या आता जर्मनीत आहे.

बायोसबाबा:

हां, आता सापडलं. तुमच्या पोस्टमध्ये दोन गाठी आहेत, दोन्ही सुटण्यासारख्या.

पहिली गाठ, कोअर म्हणजे होम. त्या खिडकीत विंडोज होमला कोअर म्हणतं आणि प्रोला प्रोफेशनल. तुमचं लायसन्स प्रोचं, आणि टेक्निशियनने टाकलंय होम. हे कसं होतं सांगतो. ब्रँडेड मशीनमध्ये बायोसच्या, म्हणजे बोर्डावरच्या मूळ सॉफ्टवेअरच्या, आत की लिहिलेली असते, इन्स्टॉलर ती वाचतो आणि एडिशन आपोआप निवडतो. असेम्बल केलेल्या बोर्डात असली की नसते, मग इन्स्टॉलर यादी दाखवतो, होम, होम सिंगल लँग्वेज, प्रो असं बरंच, आणि पोरं घाईत पहिल्याच नावावर क्लिक करून नेक्स्ट नेक्स्ट करत जातात. एडिशन जुळत नसेल तर प्रोचं लायसन्स होमवर कधीच बसणार नाही, तुमच्याकडे ते कार्ड असतं आणि की टाकली असती तर कदाचित त्याने स्वतः प्रो करून घेतलं असतं, पण कार्ड नाही.

ते रिटेल लिहिलंय त्याला भुलू नका. ८एचव्हीएक्स७ वर संपणारी की जगातल्या लाखो होम मशीनवर तीच असते, ती जेनेरिक, म्हणजे नुसती एडिशन ठरवण्यापुरती, तिने काही ॲक्टिव्हेट होत नाही. लोक काय करतात, जुनी डिस्क दुसऱ्या मशीनला लावतात, कुठला तरी की फाइंडर चालवतात आणि मिळालेली की वहीत लिहून ठेवतात, आणि ती नेमकी हीच निघते. प्रोची जेनेरिक ३व्ही६६टी वर संपते.

दुसरी गाठ, नाव. २०१६ च्या ऑगस्टमध्ये विंडोज १० ची १६०७ व्हर्जन आली त्यापासून डिजिटल लायसन्स, म्हणजे सर्व्हरवरची ती नोंद, मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडता येतं, आणि ते अकाउंट ॲडमिन म्हणून मशीनवर असलं की बहुतेक वेळा आपोआप जोडलं जातं. म्हणजे शेत तुम्ही घेतलं, पैसे तुम्ही भरले, पण सातबाऱ्यावर नाव पुतण्याचं लागलंय. त्याला विचारल्याशिवाय पुढं जाता येणार नाही.

करायचं असं. आधी मशीन होमवरून प्रो करून घ्या. नेट बंद करा, केबल काढा किंवा वायफाय बंद, सेटिंग्ज, सिस्टिम, ॲक्टिव्हेशन, तिथं चेंज प्रॉडक्ट की, आणि प्रोची ती जेनेरिक की टाका. विंडोज प्रो जेनेरिक की असं शोधलंत की पूर्ण सापडेल, शेवट ३व्ही६६टी आहे ना ते बघून घ्या. नेट चालू असताना टाकली तर कधी कधी तो सर्व्हरला विचारायला जातो आणि एरर देऊन मागे फिरतो म्हणून बंद करायला सांगतोय. मशीन एक-दोनदा रिस्टार्ट होईल, फायली, सॉफ्टवेअर, फॉन्ट कशाला धक्का लागत नाही. परत डीएलआय करून बघा, प्रोफेशनल दिसलं पाहिजे. ॲक्टिव्हेट झालेलं नसेलच, ते ठीक आहे. ही की चोरीची नाही हे पण सांगून ठेवतो, तिने फुकट काही मिळत नाही, नुसतं दार बदलतं.

मग नेट चालू करून पुतण्याचं अकाउंट या मशीनवर ॲड करायचं, सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर युजर्स, आणि त्याला ॲडमिनिस्ट्रेटर करायचं. त्या युजरने लॉगिन करून परत ॲक्टिव्हेशनच्या पानावर या. तिथं ट्रबलशूट असं बटण असेल, हे फक्त ॲक्टिव्हेट नसलेल्या मशीनवरच दिसतं, ॲडमिन नसाल तर दिसत नाही. ते थोडा वेळ फिरेल आणि म्हणेल जमलं नाही. तिथं घाबरून बंद करू नका, खाली बारीक अक्षरात एक ओळ असते, या डिव्हाइसचं हार्डवेअर मी नुकतंच बदललंय अशा अर्थाची, त्यावर क्लिक. मग त्या अकाउंटला आजवर जोडलेल्या मशीनची यादी येते. तुमचं जुनं मशीन निवडा, हे आत्ता मी वापरतोय ते डिव्हाइस अशी एक टिक असते ती मारा आणि ॲक्टिव्हेट.

पासवर्ड फोनवर मागू नका, पोराला व्हिडिओ कॉलवर घ्या आणि रिमोटवर त्यालाच टाइप करू द्या, कोड त्याच्या मोबाइलवर येईल.

पुणेरी_लॅपटॉप:

मधे घुसतो, माफ करा. माझा प्रश्न जवळचाच आहे. ब्रँडेड लॅपटॉप, वॉरंटीत सर्व्हिस सेंटरने मदरबोर्ड बदलून दिला, आता विंडोज म्हणतंय हार्डवेअर बदललंय. अकाउंट माझं स्वतःचं आहे. बाबा म्हणतात ओईएम दुसऱ्या बोर्डावर जात नाही, म्हणजे मी गेलो का?

मेघना_सर्व्हररूम:

नाही हो, तुमची केस वेगळी. खराब झालेला बोर्ड कंपनीने स्वतः वॉरंटीत बदलला तर ओईएम लायसन्स त्याच मशीनवर पुढे चालतं, नवीन घ्यावं लागत नाही. फक्त नव्या बोर्डाच्या बायोसमध्ये की लिहून देणं हे सर्व्हिस सेंटरचं काम आहे, आणि कधी कधी तेवढंच राहून जातं. पॉवरशेल उघडा आणि गेट सीआयएम इन्स्टन्स वापरून सॉफ्टवेअर लायसनिंग सर्व्हिसमधली ओए३एक्स ओरिजिनल प्रॉडक्ट की वाचा, पूर्ण कमांड शोधलीत तर लगेच मिळेल. जुन्या लेखांत यासाठी डब्ल्यूएमआयसीवाली कमांड असते, ती नव्या विंडोज ११ मध्ये चालेलच असं नाही. उत्तर रिकामं आलं तर बायोसमध्ये की नाहीच, मग त्यांना जॉबशीट दाखवून तेवढंच मागा, की इंजेक्ट करून द्या. नव्याने पैसे मागितले तर देऊ नका.

तोपर्यंत ट्रबलशूटरही चालवून बघा, अकाउंट तुमचं आहे तर त्यानेच होऊन जाईल बहुतेक. पण ते कितीही वेळा करता येत नाही, एका लायसन्सला परत ॲक्टिव्हेट करायची मर्यादा ठेवलेली आहे, म्हणून उगाच खेळत बसू नका.

सांगलीचा_डीटीपीवाला:

झालं हो मंडळी! कोपऱ्यातली अक्षरं गेली.

थोडं सविस्तर लिहितो कारण मधे दोन ठिकाणी अडकलो होतो, पुढच्या माणसाला उपयोग होईल. प्रोची की नेट बंद करून टाकली, रिस्टार्ट झालं, कोअरचं प्रोफेशनल झालं. तिथवर पाच मिनिटांचं काम. मग पुतण्या. त्याची ड्यूटी संपते तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ, दहा. दुकान उघडं ठेवून बसलो, बायकोने डबा दुकानात पाठवला. त्याने लॉगिन केलं तर त्याचा जुना सांगलीचा मोबाइल नंबरच अकाउंटला होता, कोड त्या नंबरवर जात होता आणि तो नंबर आता चालू नाही. नशिबाने दुसरा ईमेल दिलेला होता त्यावर कोड मागवला. तर मित्रांनो ज्यांची पोरं बाहेर गेलीत त्यांनी हे आजच बघून घ्या, सिम बंद करायच्या आधी.

मग ट्रबलशूटर, बारीक ओळ, यादी आली. यादीत त्याचा कॉलेजचा लॅपटॉप, आत्ताचा लॅपटॉप, आणि डेस्कटॉप पुढे कसलीतरी अक्षरं आकडे अशी दोन नावं. आमचं कुठलं ते कसं ओळखणार. त्याने त्याच्याकडे मायक्रोसॉफ्टच्या साइटवर स्वतःच्या अकाउंटमधलं डिव्हाइसेसचं पान उघडलं, तिथं मॉडेलची माहिती दिसते त्यावरून एच११० वालं सापडलं. ते निवडलं, टिक मारली, आणि आलं, विंडोज इज ॲक्टिव्हेटेड विथ अ डिजिटल लायसन्स लिंक्ड टू युवर मायक्रोसॉफ्ट अकाउंट.

आता दोन शंका. एक, त्याचं अकाउंट माझ्या मशीनवरून काढलं तर परत जाईल का? कारण त्याचे ईमेल, त्याचे फोटो वनड्राइव्हमधून माझ्या दुकानात उतरायला लागलेत, त्याच्या लग्नाचं बोलणं चालू आहे, नको ते. दुसरी, बोर्ड बदलल्यामुळे मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअरपण म्हणतंय लायसन्स नाही. तेही मशीनला बांधलेलं असतं का?

बायोसबाबा:

अभिनंदन! अकाउंट बिनधास्त काढा. ॲक्टिव्हेशन आता या नव्या बोर्डाच्या नावे नोंदलं गेलंय, युजर काढला म्हणून ते उतरत नाही. फक्त क्रम पाळा. आधी स्वतःचं मायक्रोसॉफ्ट अकाउंट बनवा, ते ॲडमिन करा, त्याने लॉगिन करून ॲक्टिव्हेशनच्या पानावर वरची ती लिंक्ड वाली ओळ दिसते का बघा, नसेल तर तिथंच ॲड ॲन अकाउंट असतं. मग त्याचं काढा. काढताना वनड्राइव्हच्या फायली डिलीट करू का असं विचारलं तर नीट वाचा, तुमच्या मशीनवरची कॉपी जाते, त्याच्या क्लाउडवरची नाही. आणि पीसीचं नाव बदलून ठेवा, सिस्टिममध्ये अबाउटला रिनेमचं बटण आहे, दुकान-मेन असं काहीतरी, म्हणजे यादीत नंतर शोधत बसावं लागणार नाही.

फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं वेगळं प्रकरण. डीटीपी, अकाउंटिंग, कॅड यातली बरीच सॉफ्टवेअर स्वतःचा मशीन कोड काढतात किंवा यूएसबी डाँगल, म्हणजे पेनड्राइव्हसारखी चावी, मागतात. डाँगलवालं असेल तर नुसता ड्रायव्हर टाकायचा राहिलाय, डाँगल लावून ड्रायव्हर टाका. मशीन कोडवालं असेल तर डीलरला नवा कोड आणि जुनं बिल पाठवा, ते जुनं रिलीज करून नवं देतात. विंडोजशी त्याचा काही संबंध नाही, मायक्रोसॉफ्टला विचारून उपयोग नाही.

आणि ते कार्ड कधी सापडलं ना, तर फोटो काढून ठेवा. पुढे अकाउंटने नाहीच झालं तर ती की उपयोगी पडते. पूर्वी तिच्यावर फोन ॲक्टिव्हेशन करता यायचं, रनमध्ये एसएलयूआय स्पेस ४ टाकलं की देश विचारायचा आणि आकड्यांचे नऊ गट दाखवायचा, डिसेंबर २०२५ पासून ते काम फोनऐवजी मायक्रोसॉफ्टच्या वेबसाइटवर होतं. पण कार्डाशिवाय ते नाही जमत, बिल दाखवून की परत मिळत नाही.

फुकटराव:

बरं मानलं. पण पुतण्या नसता तर काय केलं असतं ते सांगा.

बायोसबाबा:

कार्ड नाही आणि अकाउंटपण नाही, तर नवीन लायसन्स, दुसरा रस्ता नाही. होमवर काम भागत असेल तर होम घ्यायचं, डीटीपीला प्रोमधलं काही लागत नाही खरं तर.

मालवणी_माणूस:

धागा वाचून मला पण धडकी भरली. माझ्याकडे बी४५० बोर्डावर रायझन ५ २६०० आहे, गणपतीत सुट्टी आहे तेव्हा त्याच बोर्डावर रायझन ५ ५६०० टाकायचा विचार आहे. बोर्ड तोच, फक्त प्रोसेसर. विंडोज ११ होम, अकाउंट माझंच. ॲक्टिव्हेशन जाईल का?

मेघना_सर्व्हररूम:

बोर्ड तोच असेल तर ॲक्टिव्हेशन सहसा जात नाही. आधी जुन्या प्रोसेसरवरच बायोस अपडेट करा, ५६०० ओळखणारं व्हर्जन नसेल तर स्क्रीनच येणार नाही. पण मला तुमच्या ॲक्टिव्हेशनपेक्षा एन्क्रिप्शनची, म्हणजे डिस्कवरच्या डेटाला लागलेल्या कुलपाची, काळजी वाटते. तुमच्या मशीनवर टीपीएम, म्हणजे त्या कुलपाच्या चाव्या सांभाळणारा भाग, हे प्रोसेसरच्या आतलं आहे, एफटीपीएम म्हणतात त्याला. प्रोसेसर बदलला की पहिल्यांदा चालू करताना काळ्या स्क्रीनवर इंग्रजीत मेसेज येईल, नवीन सीपीयू दिसतोय, एफटीपीएम रीसेट करायचं का, वाय की एन. बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे विंडोजचं ते कुलूप, चालू असेल आणि तुम्ही वाय दाबलं, तर विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती नसेल तर डिस्कवरचा डेटा गेला, तिथं कुणीच काही करू शकत नाही.

विंडोज ११ च्या २४एच२ व्हर्जनपासून मायक्रोसॉफ्ट अकाउंटने फ्रेश इन्स्टॉल केलं की एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं, होममध्येसुद्धा, लोकांना पत्ताच नसतो. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, तिथं डिव्हाइस एन्क्रिप्शन दिसतंय का बघा. चालू असेल तर प्रोसेसर काढायच्या आधी बंद करा आणि डिक्रिप्ट पूर्ण होऊ द्या, मोठी डिस्क असेल तर वेळ जातो. रिकव्हरी की तुमच्या अकाउंटच्या साइटवर असते, ती कागदावर लिहून ठेवा, त्याच मशीनवर सेव्ह करून काय उपयोग. आणि पिन चालणार नाही, तो टीपीएममध्येच असतो, म्हणून मायक्रोसॉफ्ट अकाउंटचा खरा पासवर्ड आठवतोय ना ते आजच मोबाइलवर लॉगिन करून तपासा.

बोर्ड बदलणाऱ्यांनाही हेच लागू, तिथं तर टीपीएम बदलतोच.

मालवणी_माणूस:

बघितलं, चालूच होतं की ते! मी कधी केलंच नव्हतं. बंद करायला लावलंय, फिरतंय. समजा मेसेज आला आणि घाईत एन दाबलं गेलं तर?

मेघना_सर्व्हररूम:

एन दाबलं तर काही पुसलं जात नाही, जुनी नोंद तशीच राहते आणि मशीन पुढे बूट होतं, फक्त नव्या प्रोसेसरवर एफटीपीएम बंद राहतं. जुना प्रोसेसर परत बसवला की जुन्या की मिळतात, म्हणून ५६०० नीट चालतोय याची खात्री होईपर्यंत २६०० विकू नका. डिक्रिप्ट पूर्ण झालंय हे बघितलं असेल तर मग वाय दाबा, आत गेल्यावर नवीन पिन करा आणि एन्क्रिप्शन परत चालू करा, नवी रिकव्हरी की तयार होईल ती लिहून घ्या आणि जुना कागद फाडून टाका.